खिडकीखालचं खुराडं

"मान सरळ हाय," आई म्हणाली. "मानमोडी नाही."

आम्ही दोघी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, उकिडव्या बसलो होतो आणि आमच्या मध्ये भुरी उभी होती. उभी म्हणजे कशीबशी. पंख सैल सोडलेले, पिसं फुगवलेली, डोळ्यांवर पातळ पडदा ओढलेला. साडेपाच महिन्यांची तलंग. अंडं द्यायला अजून पंधरा-वीस दिवस होते. आठवड्यापूर्वी तिचा तुरा लालभडक व्हायला लागला होता. आता तो धुतलेल्या कापडासारखा दिसत होता.

"रात्री खाल्लं होतं का हिने?"

"खाल्लं असंल. मी काय तिच्या ताटापाशी बसते?"

मी भुरीला उचललं. हाताला काही लागलंच नाही, इतकी हलकी. गळ्याखालची दाण्यांची पिशवी रिकामी. खुराड्यातली विष्ठा मी काडीने उकरून पाहिली. तीत रक्त होतं.

"काय झालं वो?" खिडकीतून बाबांनी विचारलं.

खुराडं त्यांच्या खिडकीच्या बरोबर खाली होतं. पूर्वी ते मागे कडुलिंबाखाली असायचं. होळी झाल्यावर आईने आणि शेजारच्या मथुरामावशीने ते उचलून इथे आणलं. बाबांना बसल्या बसल्या कोंबड्या दिसतील, असं आई म्हणाली होती. ते खरंही होतं. मोठ्या दोन्ही कोंबड्या संध्याकाळी कडुलिंबावर चढून बसायच्या, पण भुरी लहानपणापासून याच खुराड्यात झोपायची आणि बाबांच्या आवाजाला उत्तर द्यायची. तिला भुरी हे नाव त्यांनीच दिलं होतं.

"रक्ती हगवण दिसते, बाबा."

"पुस्तकात पाह्य," बाबा म्हणाले. "तुह्या पुस्तकात सगळं असते."

ते हसले. हसताना त्यांचा डावा गाल थोडा मागे राहायचा. दोन वर्षांपूर्वी झटका आला होता, त्याची तेवढीच खूण.

मी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. गाव वर्ध्याकडचं, तालुक्याचं. बाबा, दौलतराव, म्हणजे पंचक्रोशीतले नावाजलेले आचारी. पाचशे माणसांच्या आलू-वांग्याचा रस्सा ते चाखायचे नाहीत. कढईवर वाकून वास घ्यायचे आणि म्हणायचे, मीठ एक मूठ. त्यांच्या दोन सुऱ्या होत्या, पात्याच्या निम्म्यापर्यंत झिजलेल्या. कांदा चिरताना हात दिसायचा नाही.

झटक्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं की, ठोके नियमित पडत नाहीत, त्यामुळे आत रक्ताच्या गाठी होतात. एखादी मेंदूत गेली की पुढच्या झटक्यातून असं सावरणं होणार नाही. रक्त पातळ ठेवायची एक छोटी गुलाबी गोळी रोज संध्याकाळी, जन्मभर. आणि पथ्य: पालेभाज्या जवळजवळ बंद, कारण त्या गोळीच्या उलट काम करतात. कुठे कापू द्यायचं नाही, कारण रक्त थांबणार नाही. दर महिन्याला वर्ध्याला जाऊन रक्त तपासायचं.

ते सगळं मी एका वहीत लिहून काढलं आणि तसंच पाळलं. पावशी, म्हणजे विळी, फळीवर चढवली. दोन्ही सुऱ्या मी वाचनालयात नेऊन संदर्भग्रंथांच्या कपाटात ठेवल्या आणि कपाटाला कुलूप लावलं. बाबांना दुसरा झटका येऊ द्यायचा नाही, एवढं एकच काम त्या दोन वर्षांत मी स्वतःला दिलं होतं. बाकी सगळं त्याच्यानंतर.

एवढं करूनही ऑगस्टमधल्या तपासणीत रक्त घट्टच निघालं. उन्हाळ्यापासून तसंच निघत होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"गोळी रोज देता ना?"

"मी स्वतः देते. माझ्यासमोर घेतात."

"मग लागू पडत नाहीये. दोन करू."

दोन केल्या. रोज संध्याकाळी सहाला मी पाण्याचा पेला घेऊन जायचे. बाबा गोळ्या जिभेवर ठेवायचे, पाणी प्यायचे, मग मी न सांगता तोंड उघडून दाखवायचे.

"पाह्य. गेली वैकुंठाले."

हा त्यांचा रोजचा विनोद. मी रोज हसायचे.

*

वाचनालयातल्या कृषी खात्याच्या पुस्तिकेत रक्ती हगवणीची लक्षणं होती, आणि ती भुरीला लागू पडत होती. मी औषधाची पुडी आणली, पाण्यात कालवली, भुरीला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बांबूच्या डालीखाली झाकून ठेवलं आणि दिवसातून चार वेळा ड्रॉपरने पाजलं. चोच उघडताना ती नखं रोवायची. दुसऱ्या दिवशी तिचं एक नख डालीच्या कामट्यांत अडकून मुळाशी तुटलं. एवढ्याशा नखातून किती रक्त यावं! मी हळद दाबली, चिंधी बांधली. तासाभराने पाहिलं तर चिंधी ओली आणि खालच्या पोत्यावर डाग.

"हे हगवणीचं नाही, आई."

"मंग कशाचं?"

"ठाऊक नाही. पण पोटाचा आजार असता तर नख कशाला वाहिलं असतं?"

आई भाजी परतत होती. तिने उलथणं थांबवलं, डालीकडे पाहिलं आणि परत उलथणं फिरवायला लागली.

"कोंबडीच हाय," ती म्हणाली. "जगली तर जगली. एवढं नको करू."

मी भुरीला पिशवीत घालून ढोरांच्या दवाखान्यात नेलं. तिथले ठवकर डॉक्टर एका बैलाच्या खांद्याला मलम लावत होते. पोळा चार दिवसांवर होता. बैलवाला माझ्या पिशवीकडे पाहून म्हणाला, "मॅडम, एवढ्या धावपळीत दोन कोंबड्या आल्या असत्या."

"आणि याच्या जागी नवा बैल," ठवकर म्हणाले. "सोडता का घरी याला?"

डॉक्टरांनी हात धुतले, भुरीला टेबलावर आडवं केलं आणि तिचा पंख पसरला. आतल्या बाजूची पिसं फुंकरीने बाजूला केली. कातडीखाली रुपयाएवढा निळा-काळा डाग होता. दुसऱ्या पंखाखाली दोन. मांडीवर एक.

"मार बसला का हिला?"

"नाही."

त्यांनी सुईने पंखाची शीर किंचित टोचली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभे राहिले. मीही पाहत होते. रक्ताचा थेंब फुगायचा, ओघळायचा, दुसरा यायचा. पाच मिनिटं झाली. सहा.

"गोठतच नाही," ते म्हणाले. "तुमच्याकडे उंदरांचं औषध कोणी टाकलंय का?"

"आमच्याकडे नाही."

"शेजारी? ती जुनी वडी असते ना, तिच्याने असंच होतं. आतल्या आत रक्त वाहतं. एकदा एखादा तुकडा खाल्ला तर कोंबडी पचवते. ही रोज खात असणार. थोडं थोडं, पंधरा दिवस तरी."

त्यांनी के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. दहा दिवस रोज आणा म्हणाले, आणि सांदवाडीत सोडू नका. "जगेल. वेळेवर आणली तुम्ही," ते म्हणाले, तेव्हा मला परीक्षेत पहिलं आल्यासारखं वाटलं, हे कबूल करते.

घरी जाताना वाटेतच मला आठवलं. मथुरामावशीने महिन्याभरापूर्वी बाजारातून उंदरांच्या वड्या आणल्या होत्या. माझ्याच हाताने तिच्या पिशवीतून काढून मी त्यावरचा मजकूर तिला वाचून दाखवला होता.

*

मथुरामावशी आमच्या कुंपणापलीकडे राहायची. लवकर विधवा झालेली. बावीस वर्षं बाबांच्या हाताखाली लग्नाच्या स्वयंपाकात पुऱ्या लाटायला होती. दोन घरांमधल्या काट्यांच्या कुंपणाला तिच्या येण्याजाण्याने एक खिंडार पडलं होतं, ते कोणी कधी बुजवलं नाही.

मी खिंडारातून पलीकडे गेलेच नाही. अलीकडूनच हाक मारली.

"मावशी, ते उंदरांचं औषध कुठे ठेवलंय तुम्ही?"

"कोठीत. का वो?"

"कोठीत कुठे?"

"गव्हाच्या पोत्यामांगं. वरून टोपलं झाकलं हाय. काय झालं, सरोज?"

"भुरीने खाल्लंय. डॉक्टरांनी सांगितलं. रोज खात होती."

"माह्या कोठीत कोंबडी कशी जाईन? दाराले कडी हाय."

"मग उंदरांनी ओढत आणून टाकलं असेल, किंवा तुम्ही झाडून टाकलं असेल कुंपणापाशी. पोरं खेळतात इथे, मावशी! वाचून दाखवलं होतं ना मी तुम्हाला?"

"दाखवलं होतं. म्हणून तर टोपलं—"

"टोपलं, टोपलं काय? कोंबडी मरायला टेकलीय!"

माझा आवाज चढला होता. पलीकडच्या घरातून दोन बाया बाहेर येऊन उभ्या राहिल्या. मथुरामावशी आत गेली आणि वड्यांचं खोकं घेऊन आली. चारपैकी तीन वड्या आत होत्या.

"एक मी ठेवली. अन् हे तीन. मोज."

"ती एकच पुरे आहे."

"दौलतभाऊ," तिने माझ्या खांद्यावरून खिडकीकडे पाहिलं, "तुमी तरी सांगा हिले. मी असं करीन का?"

बाबा खिडकीत बसले होते. त्यांचा हात गजावर होता. आई मागच्या दारात उभी होती, हातात ओला पदर. मी दोघांकडेही पाहिलं, कारण मला वाटलं, ते माझ्या बाजूने काही बोलतील.

"सोड ना, बाई," बाबा म्हणाले. "कोंबडीवरून कोणी भांडते का?"

कोणाला म्हणाले ते कळलं नाही. मला ते माझ्यासाठी वाटलं आणि त्याचा राग मी मथुरामावशीवर काढला.

"आजपासून तुमच्या हातचं पाणीसुद्धा कोणी पिणार नाही या घरात," मी म्हणाले. "काय सांगावं, कशात काय असेल."

बघणाऱ्या बायांमधली एक हसली. मथुरामावशीने खोक्याचं झाकण लावलं. दोनदा लावलं, कारण पहिल्यांदा ते बसलं नाही. मग ती आत गेली. संध्याकाळी खिंडारात बाभळीची एक फांदी आडवी टाकलेली दिसली. तिच्या बाजूने.

*

दहा दिवस मी भुरीला घेऊन दवाखान्यात गेले. तिसऱ्या दिवशी तिने ज्वारीचे दाणे टिपले. पाचव्या दिवशी पंखाखालचे डाग हिरवट-पिवळे झाले. सातव्या दिवशी तुरा गुलाबी दिसायला लागला आणि ती डालीला धडका देऊ लागली.

"बाहेर जायचं म्हणते," बाबा म्हणाले. "हिले कोंडून ठेवू नको, बाई. अंगाले हालचाल पाह्यजे."

"बाहेर औषध आहे, बाबा."

"हो," ते म्हणाले. "ते बी खरं."

त्याच दिवसांत एका संध्याकाळी मी बाबांना गोळ्या देऊन मागे आले, तर आई खिडकीखाली झाडत होती. कंबर धरल्यामुळे तिला वाकता येत नव्हतं. एक हात भिंतीला लावून झाडत होती. मी चकित झाले. दिवेलागणीला घरात झाडू दिसला तर हीच बाई आम्हाला ओरडायची, लक्ष्मी जाते म्हणून.

"आई, आत्ता कसली झाडतेस?"

"पिसं पडली हायेत."

"सकाळी झाडू. दे इकडे."

"राहू दे वो. झालं."

तिने कचरा सुपडीत भरला आणि चुलीत टाकला. दुसऱ्या दिवशीही झाडलं. मला वाटलं, विष शोधते आहे बिचारी. रात्री जेवताना मुद्दाम म्हणाले, "आई, आजची वांग्याची भाजी काय झालीय! तुझ्या हाताला बाबांची चव यायला लागली."

आई म्हणाली, "खाय गुपचूप." बाबा ताटात पाहून हसत होते, डावा गाल मागे ठेवून.

अकराव्या दिवशी आई भिशीला गेली होती आणि तिला यायला उशीर झाला. मी सहाला बाबांना गोळ्या दिल्या. त्यांनी पाणी प्यायलं, तोंड उघडलं, वैकुंठाचं म्हटलं. मी पेला ठेवला, वाटीत ज्वारी घेतली, भुरीची डाल उचलली आणि मागचं दार उघडलं.

मला वाटलं होतं, ती उकिरड्याकडे पळेल. ती सरळ खिडकीखाली गेली आणि मान वर करून उभी राहिली.

मी कडुलिंबापाशी होते, वाटी हातात. भुरी हलत नव्हती. खुराड्याच्या छपरावर दाणे नव्हते, खाली काही नव्हतं. ती फक्त वर बघत होती, ताटाकडे बघावं तशी. मग खिडकीत बाबांचं डोकं आलं. त्यांनी डाव्या गालात जीभ फिरवली, सुपारी थुंकावी तसं तोंड पुढे केलं, आणि दोन गुलाबी ठिपके मातीत पडले.

"घे, भुरे," ते हळूच म्हणाले.

एक गोळी भुरीने पडताक्षणी उचलली. दुसरीवर मी पाय दिला. मग भुरीला धरून चोच फाकवली आणि पहिली बोटाने ओढून काढली. ती ओली होती, अर्धा रंग गेलेली. माझं बोट गुलाबी झालं.

वर पाहिलं तेव्हा बाबा तिथेच होते. मागे सरले नव्हते.

*

मी त्यांच्या खोलीत गेले आणि गोळ्या तळहातावर धरल्या.

"हे काय आहे?"

"दिसते ना. गोळी."

"कधीपासून?"

"होळीपासून."

होळी ते पोळा. मी मनात महिने मोजले, वर्ध्याच्या फेऱ्या मोजल्या.

"डॉक्टरांनी दोन केल्या. मी शपथेवर सांगून आले की मी स्वतः देते म्हणून."

"तू देत होतीच. तुहं काय चुकलं?"

"चेष्टा करू नका, बाबा."

"चेष्टा नाही करून राहिलो."

"मरायचंय तुम्हाला?"

"नाही वो," ते म्हणाले, आणि ते खोटं वाटलं नाही. "मरायचं कोणाले असते? मले भाजी चिरायची होती."

ते पलंगावरून उठले, हळूहळू, आणि उशीखालून पावशीचं पातं पुसायचं फडकं काढून मला दाखवलं, जणू ते पुरावा होतं.

"तू वाचनालयात गेली की पावशी खाली येते. रोजची भाजी कोणाच्या हातची खात होती तू? मायच्या? चाळीस वर्षांत तिले कधी वांगं एकसारखं चिरता आलं? हात कापला तर रक्त थांबत नाही म्हणे त्या गोळीनं. मंग गोळीच नाही घेतली. आता कापलं तरी थांबते. पाह्य." त्यांनी अंगठा पुढे केला. जुनी, नीट भरलेली चीर होती.

"मला सांगायचं होतं."

"सांगतलं असतं तर तू ऐकलं असतं?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "माह्या सुऱ्या कुलपात टाकल्या तू. एका शब्दानं विचारलं का? लेकराच्या हातातून चाकू काढते तशा काढल्या."

"तुम्ही जगावं म्हणून!"

"हो. म्हणून तर तुले नाही म्हणवत नव्हतं. रोज तोंड उघडून दाखवलं."

मी दाराला टेकले. विचारायचं होतं ते शेवटी आलं.

"मथुरामावशीला मी इतकं बोलले. तुम्ही खिडकीत बसून ऐकत होता."

"ऐकत होतो."

"आणि?"

बाबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "बोलवून घेतो तिले," म्हणाले. "उद्या."

आई आली तेव्हा मी चुलीपाशी बसून होते. तिच्यापुढे गोळ्या ठेवल्या. तिने त्या पाहिल्या, मग मला पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"भाजीचं माहीत होतं," आई म्हणाली. "पावशी मीच काढून देत होती. रडकुंडीले यायचा तो, सरोज. मोठा माणूस."

"आणि गोळ्यांचं?"

"नाही."

"आई."

"नाही म्हणते ना!"

मी तिच्यावर विश्वास ठेवला. त्या संध्याकाळी कोणावर तरी ठेवायलाच हवा होता.

दुसऱ्या दिवसापासून मी गोळी कुटून गुळात द्यायला लागले, आणि आई माझ्या शेजारी उभी राहून पाहायची. बाबा निमूट खायचे. वैकुंठाचं म्हणायचे नाहीत. सुऱ्या मी परत आणल्या नाहीत. मथुरामावशीला त्यांनी बोलावलं नाही, आणि मीही गेले नाही. तिला खरं सांगायचं म्हणजे माझे वडील माझ्या हातच्या गोळ्या कोंबडीला घालत होते हे सांगायचं, पलीकडच्या बायांच्या देखत. मी रोज ठरवायचे आणि रोज बाभळीच्या फांदीपर्यंत जाऊन परत यायचे.

गुळातली गोळी सुरू केल्याच्या सतराव्या दिवशी दुपारी वाचनालयात निरोप आला. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, गाठ आधीच झालेली असणार, कदाचित महिन्यांपूर्वी. स्वयंपाकघरात पावशी खालीच होती, आणि तिच्या बाजूला अर्धी चिरलेली अंबाडीची जुडी.

*

आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचं कोणीतरी अन्न आणतं, त्याला कडू घास म्हणतात. भूक असो नसो, घरच्यांनी तो घ्यावाच लागतो.

स्मशानातून माणसं परतली. आई भिंतीला टेकून बसली होती, मी तिच्याजवळ. नातेवाइकांनी ओसरी भरली होती. मागच्या दारातून मथुरामावशी आली. बाभळीची फांदी तिने कधी काढली मला माहीत नाही; तिच्या हातावर ओरखडे होते. तिने टोपलं खाली ठेवलं. भाकरी आणि बेसन.

तिने ताट वाढलं आणि आमच्यापुढे ठेवलं. मग ते परत स्वतःकडे ओढलं.

"आधी मले खाऊ दे," ती म्हणाली.

तिने भाकरीचा तुकडा मोडला, बेसनात बुडवला आणि खाल्ला. सावकाश. सगळ्यांच्या देखत चावून गिळला. त्यात टोमणा नव्हता. तिला फक्त आम्ही जेवायला हवं होतं. थोडी थांबली, आणि ताट पुन्हा आमच्याकडे सरकवलं.

"घ्या. आता घ्या."

ओसरीवर कोणीतरी विचारलं, ही अशी का करते? आणि तेवढ्यात माझ्या शेजारी आईने दोन्ही हात कपाळावर मारले.

"मथुरा," ती म्हणाली, "ते खुराडं मी हलवलं वो. मीच हलवलं."

मथुरामावशीला काही कळलं नाही. "कायचं खुराडं? तू अन् मीच तर उचललं होतं. बाई, घास घे."

"मी मुद्दाम हलवलं. मातीत दिसल्या असत्या हिले. म्हटलं, पाखराच्या पोटात गेल्या तर कोणाले दिसतीन?"

"दुःखानं बोलून राहिली," मथुरामावशी मला म्हणाली. "तिले पाणी दे."

मी पाणी दिलं. मग भाकरीचा तुकडा मोडून आईच्या तोंडात घातला, आणि मथुरामावशीकडे बघून दुसरा स्वतःच्या. गिळला. मथुरामावशीने मान डोलावली, आणि टोपलं घेऊन मागच्या दाराने गेली. तिला सगळं मी सांगितलं ते तेराव्या दिवसानंतर, तिच्या घरी जाऊन, कोठीच्या दारात उभी राहून. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कोंबडी जगली ना?"

जगली. भुरीने त्याच खुराड्यात पुढची चार वर्षं अंडी दिली.

आई आणि मी त्यानंतर एकोणीस वर्षं एका घरात राहिलो. तिने जे सांगितलं ते मथुरामावशीला सांगितलं, मला नाही. मीही विचारलं नाही. होळीच्या आधी त्या दोघांनी कुठे बसून ते ठरवलं असेल, कोणी आधी म्हटलं असेल, मी वाचनालयात असताना की पलीकडच्या खोलीत झोपलेली असताना, हे मी पुष्कळदा मनात मांडून पाहिलं आहे. दर वेळी त्या खोलीत ते दोघे असतात, मी नसते.

गेल्या महिन्यात आई गेली. शेवटची दोन वर्षं तिच्या गोळ्या मीच द्यायचे, दिवसाला सात. प्रत्येक वेळी पाणी प्यायल्यावर ती, मी न सांगता, तोंड उघडून दाखवायची.

आणि प्रत्येक वेळी मी वाकून, दोन्ही गालांच्या आत, नीट पाहायचे.